बाबांच्या आणि माझ्या कॅसेटी संगणकात उतरवताना

घरातल्या जुन्या कॅसेटींवरची गाणी संगणकात उतरवून घेण्याचे काम मी गेल्या वर्षी मे महिन्यात हाती घेतले आणि यंदाच्या फेब्रुवारीत ते संपले. सुरुवातीला मला पडलेल्या साध्या साध्या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या माणसांकडून तुकड्या-तुकड्याने मिळवावी लागली, म्हणून खर्च, रखडपट्टी आणि अडचणी यांसह सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे. ज्यांच्या माळ्यावर असे डबे पडून आहेत आणि ‘एकदा बघायला हवे’ असे म्हणता म्हणता ज्यांची वर्षे निघून गेली आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

संग्रह दोघांचा होता. बाबांच्या कॅसेटी साधारण १९८० ते १९९५ या काळातल्या: भावगीते, नाट्यगीते, गीतरामायण, आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मधून टिपलेली गाणी आणि आत्याने घरी हार्मोनियमवर म्हटलेली पदे. माझ्या कॅसेटी त्यानंतरच्या, पुण्यात कॉलेजला असतानाच्या: पिंक फ्लॉइड आणि इंडियन ओशन हे बँड, मैत्रिणींनी भरून दिलेली निवडक गाणी, आणि आमच्या कॉलेजच्या बँडच्या तालमी. त्या बँडमध्ये मी गिटार वाजवत असे. बँडचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण आमच्या वसतिगृहाबाहेर ते कोणाला ठाऊक नव्हते.

सुरुवातीचे काही आठवडे मी एकही कॅसेट वाजवली नाही, फक्त वही केली. प्रत्येक कॅसेटला क्रमांक दिला आणि वहीत तिची लांबी, वेष्टनावरचा मजकूर, फितीची स्थिती आणि ‘हे इतरत्र मिळते का’ असे रकाने आखले. शेवटचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागला आणि माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा तोच आहे. कॅसेट ज्या गतीने वाजते त्याच गतीने ती संगणकात उतरते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटे लागतात, त्यात घाई करता येत नाही. म्हणजे यादीतून वगळलेली प्रत्येक कॅसेट आपली एक संध्याकाळ वाचवते. जे गाणे कंपनीने मूळ ध्वनिमुद्रणावरून स्वच्छ करून उपलब्ध करून दिले आहे, ते आपल्या झिजलेल्या फितीवरून पुन्हा उतरवण्यात भावनेखेरीज काही हाती लागत नाही.

गीतरामायणाचेच उदाहरण घ्या. बाबांनी तो संच पैसे साठवून घेतला होता, त्यामुळे तो बाजूला ठेवताना मला अपराधी वाटले. पण संपूर्ण छप्पन्न गाणी सुधीर फडके यांच्या आवाजात आज सहज मिळतात. बाबांना खरी ओढ होती ती वेगळ्याच आवाजांची. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ही मालिका सुरू झाली आणि वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत प्रसारित होत गेले, तेव्हा ती एकट्या बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, गायलेली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा अनेकांचे आवाज त्यात होते. आजोबांकडून ऐकलेल्या त्या आठवणी बाबा कॅसेट लावताना आम्हाला सांगत. संचाच्या एका वेष्टनाच्या आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने काही गाण्यांपुढे मूळ गायकांची नावे लिहून ठेवलेली सापडली. कॅसेट वगळली, पण त्या वेष्टनाचे छायाचित्र काढून ठेवले. तुम्हीही वेष्टने टाकून देण्यापूर्वी आत-बाहेर नीट पाहा. पुष्कळदा मौल्यवान मजकूर फितीवर नसून कागदावर असतो.

जून महिन्यात मी हे काम बाहेरून करून घेता येईल का, याची चौकशी केली. पुण्यात आणि मुंबईत मिळून जे दर कळले ते एका कॅसेटला २५० ते ६०० रुपये असे होते, शिवाय १८ टक्के जीएसटी. एका ठिकाणी नमुन्यादाखल दोन कॅसेटी दिल्या. तिथे भरून घेतलेल्या अर्जावर ‘फीत तुटल्यास, खराब झाल्यास अथवा गहाळ झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ असे कलम होते आणि त्याखाली सही केल्याशिवाय पावती मिळत नव्हती. आठवड्याभरात देऊ म्हणालेले काम जुलैच्या मध्यावर हाती आले. खरखर पार गेली होती, पण तिच्याबरोबर ‘स’ आणि ‘श’ यांतला फरकही गेला होता आणि आत्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येत होता. मूळ, कोणतीही सफाई न केलेली फाइल मागितली तर ती ठेवलेली नव्हती. बाहेरून काम करून घेणार असाल तर दोन गोष्टी आधीच लेखी ठरवा: सफाई न केलेली वेव्ह (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) फाइल मिळाली पाहिजे, आणि कॅसेट परत मिळण्याची तारीख पावतीवर असली पाहिजे. यानंतर मी काम स्वतःच करायचे ठरवले.

आता प्रश्न यंत्राचा होता. यूएसबीची वायर जोडलेले छोटे ‘कॅसेट कन्व्हर्टर’ हजार-दीड हजारात मिळतात. ते मोहात पाडतात, पण त्यांची गती स्थिर नसते आणि लांबवलेला सूर डुगडुगतो. हार्मोनियमच्या सुरावर तर हे लगेच कळते. त्यापेक्षा जुना, वजनदार डेक (कॅसेट वाजवणारे यंत्र) घेऊन दुरुस्त करावा, असे दोन-तीन जाणत्यांनी सांगितले. जुन्या बाजारात एका रविवारी सोनोडाइनचा डेक ४,५०० रुपयांना मिळाला. दिवा लागत होता, बटणे दबत होती, पण चाके फिरत नव्हती. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या परिसरात एका दुरुस्तीवाल्या काकांकडे तो नेला. त्यांनी झाकण उघडून आत बोट फिरवले आणि काळे झालेले बोट मला दाखवले. “ताई, मोटार ठणठणीत आहे. बेल्टचं डांबर झालंय, दुसरं काही नाही.” रबरी बेल्ट वर्षानुवर्षे पडून राहिले की खरोखरच वितळून चिकटतात. तेव्हा ‘बंद आहे’ म्हणून कोणी डेक स्वस्तात देत असेल तर घाबरून जाऊ नका. काकांनी नवे बेल्ट मुंबईहून मागवले, पिंच रोलर (फीत ओढणारे रबरी चाक) बदलला आणि सगळ्याचे १,८०० रुपये घेतले. तीन आठवडे थांबावे लागले. यंत्र परत देताना त्यांनी हेडशेजारचा (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाशेजारचा) बारीक स्क्रू दाखवून सांगितले की, ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचे हेड आणि आपले हेड यांचा कोन जुळला नाही तर आवाज दबका येतो. अशा वेळी हा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून झांजेचा किंवा ‘स’चा आवाज सर्वांत स्वच्छ कुठे येतो ते पाहायचे. ही एक गोष्ट शिकल्यामुळे बाबांच्या निम्म्या कॅसेटींवरचे ‘खराब झालेले’ आवाज परत आले.

संगणकाला जोडण्यासाठी साधारण २,८०० रुपयांचा ऑडिओ इंटरफेस (डेकचा आवाज संगणकात नेणारी छोटी पेटी) घेतला. लॅपटॉपला माइकसाठी असलेल्या भोकात डेकची वायर घालू नये. तिथे बहुधा एकाच बाजूचा आवाज येतो आणि तोही फाटतो. आवाज टिपण्यासाठी ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. आवाज किती बारकाईने टिपायचा यासाठी मी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी मांडणी ठेवली. त्यात एका तासाला साधारण १ जीबी जागा लागते. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या जागी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही, म्हणजे आवाज फाटत नाही.

यंत्रणा सज्ज झाली तेव्हा ऑगस्ट होता, बाहेर पाऊस होता आणि बऱ्याच कॅसेटींच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसत होती. बुरशी लागलेली कॅसेट तशीच वाजवली तर ती हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला पसरते. शिवाय ती झटकताना नाकातोंडात जाते, हे वेगळेच. म्हणून त्या सगळ्या कॅसेटी सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, गच्चीत बसून मास्क लावून साफ केल्या. हे थांबणे कंटाळवाणे होते, पण दमट हवेत कितीही पुसले तरी उपयोग होत नाही. दरम्यान चांगल्या स्थितीतल्या कॅसेटी घ्यायला सुरुवात केली. रोज काम सुरू करण्याआधी हेड आणि रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचे, कॅसेटच्या वरच्या कडेवरच्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाकायच्या म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जात नाही, आणि वाजवण्याआधी कॅसेट एकदा पुढे व एकदा मागे पूर्ण फिरवून घ्यायची म्हणजे आवळून बसलेली फीत मोकळी होते.

गाणी वाजू लागली आणि कामाचा वेग मंदावला, कारण मी ऐकत बसू लागले.

अरुण दाते यांचे ‘शुक्रतारा मंद वारा’ बाजारात सगळीकडे मिळते, म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे ते वगळायला हवे होते. पण आमच्या घरची प्रत रेडिओवरून टिपलेली होती आणि बाजू संपल्यामुळे ती शेवटच्या कडव्याच्या मधोमध तुटत असे. मी हे गाणे असेच तुटके शिकले. मंगेश पाडगावकरांचे शब्द आणि श्रीनिवास खळ्यांची चाल मला अजूनही त्या जागी थांबलेलीच ऐकू येते, आणि पूर्ण गाणे ऐकताना शेवटचा भाग कोणीतरी नंतर जोडल्यासारखा वाटतो. खळ्यांच्या चाली ऐकायला सोप्या आणि म्हणायला अवघड. आत्या त्यांची गाणी म्हणताना एकेका वळणावर थांबून पुन्हा मागे जात असे, आणि तिच्या कॅसेटीत ते सगळे मागे जाणेही टिपले गेले आहे. ते मी कापले नाही.

आत्याच्या कॅसेटींनी एक तांत्रिक पेचही उभा केला. सगळी पदे वरच्या पट्टीत आणि घाईत म्हटल्यासारखी वाटत होती. टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असताना भरलेली कॅसेट पुढे योग्य गतीच्या यंत्रावर वाजवली की असे होते, हे मला ठाऊक होते, पण किती फरक आहे हे कसे ठरवायचे? उत्तर मागच्या घरघरीत होते. त्याच कॅसेटच्या सुरुवातीला, त्याच दिवशी, विजेवर चालणाऱ्या रेडिओवरून भरलेला एक तुकडा होता. आपली वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे रेडिओची घरघरही त्याच सुरात असायला हवी. ऑडॅसिटीत त्या तुकड्यातल्या सुरांचा आलेख काढला तर ती ५२ च्या आसपास दिसली. म्हणजे फीत सुमारे ४ टक्के जलद वाजत होती. मात्र त्या काळी विजेच्या जाळ्याची वारंवारिताही वरखाली होत असे, म्हणून यावर पूर्ण विसंबता येत नाही. सुदैवाने आत्याची हार्मोनियम घरीच आहे. तिची काळी चार दाबून ठेवली आणि फाइलची गती थोडी थोडी कमी करत दोन्ही सूर जुळवले. घरघरीने सुचवलेले आणि पेटीने सांगितलेले उत्तर जवळजवळ एकच निघाले. आत्याचा आवाज तेव्हा कुठे तिचा वाटू लागला.

माझ्या डब्यातल्या कॅसेटी बहुतेक विकत घेतलेल्या, म्हणून त्या झपाट्याने वगळल्या गेल्या, तरी वगळण्यापूर्वी दोन मी संपूर्ण ऐकल्या. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा एकसंध ऐकण्याचा संग्रह आहे. गाणी एकमेकांत मिसळत जातात आणि मधे फक्त एकदाच, बाजू उलटताना, खंड पडतो. फोनवर गाणी उलटसुलट क्रमाने लागतात तेव्हा ही बांधणी दिसतच नाही. दुसरा इंडियन ओशनचा २००० साली आलेला ‘कंदीसा’. केरळमधल्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतले एक प्राचीन प्रार्थनागीत आणि नर्मदेवरचे ‘माँ रेवा’ एकाच कॅसेटवर ऐकल्यावर बँड म्हणजे काय असू शकतो, याची माझी कल्पना कायमची बदलली. तोवर आम्ही इंग्रजी गाण्यांची नक्कल करत होतो आणि उच्चार जमले की खूश होत होतो. इंडियन ओशनचे असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता ज्या मोकळेपणाने गात, ते पाहून आमच्या गायकाने गिटार खाली ठेवून ढोलकी शिकायला घेतली. चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरात गेले. आमच्या तालमीच्या कॅसेटीत त्यांच्या गाण्यांचे जे काही आम्ही केले आहे ते कोणाला ऐकवण्याजोगे नाही, पण ते इतरत्र कुठेही मिळणार नसल्यामुळे नियमानुसार ते उतरवावेच लागले.

या तालमींपैकी एक कॅसेट अडली. आतला कापसासारखा छोटा दाब-तुकडा, जो फितीला हेडवर टेकवून ठेवतो, गळून पडला होता आणि फीत रिळापासून सुटली होती. स्क्रू असलेली कॅसेट सहज उघडते, पण ही स्वस्तातली, कडा वितळवून चिकटवलेली होती. अशा वेळी एक स्क्रूवाली कॅसेट दात्यासारखी बाजूला ठेवावी. चिकटवलेल्या कॅसेटच्या सांध्यात पातळ पाते घालून कडेकडेने हलके दाबत गेले की ती तडकून उघडते. मग दोन्ही रिळे बोटांच्या चिमटीत एकदम उचलून दात्या कॅसेटच्या खोक्यात बसवायची. एक रीळ निसटले तर फितीचा गुंता जमिनीवर होतो, म्हणून खाली स्वच्छ पांढरा कागद आणि वर बंद पंखा हवा. सुटलेले टोक जोडायला साधी सेलोटेप वापरू नये, तिचा गोंद पाझरून पुढच्या वेटोळ्यांना धरतो. त्यासाठी वेगळी स्प्लायसिंग टेप ३५० रुपयांना मिळाली. सगळी जुळवाजुळव होऊन कॅसेट वाजली तेव्हा पहिला आवाज आमच्या ड्रमरचा होता आणि तो चहाचे पैसे कोणाकडे थकले आहेत ते सांगत होता.

डिसेंबरात सफाई आणि नावे देण्याचे काम केले. मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रत काढून तिच्यावरच प्रयोग करायचे, हा नियम कटाक्षाने पाळला. खरखर मी निम्म्याहून कमीच काढली. उरलेली खरखर कानाला दोन मिनिटांत सवयीची होते. प्रत्येक फाइलच्या नावात आधी क्रमांक आणि मग देवनागरीत गाणे, गायक, संगीतकार, कवी असे लिहिले. क्रमांक आधी असल्याने ज्या यंत्रांवर देवनागरी दिसत नाही तिथेही क्रम टिकतो. कवींची नावे शोधायला वेळ गेला, कारण आपल्याकडे वेष्टनावर गायकाचे नाव ठळक आणि कवीचे नाव बारीक किंवा गायब, ही जुनीच रीत आहे.

हे सगळे ऐकल्यावर भाच्याने ‘मावशी, यूट्यूबवर टाकूया’ म्हणून धोशा लावला. त्याबाबत कायदा पाहिला. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि गीताचा व चालीचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे. आपल्या खासगी उपयोगासाठी प्रत ठेवणे वेगळे आणि जगासमोर मांडणे वेगळे. आत्याचा आवाज आमचा असला तरी ती म्हणत होती ती गाणी दुसऱ्यांची आहेत. म्हणून घरच्यांना पेन ड्राइव्ह दिले आणि बाहेर काही टाकले नाही. बँडच्या आमच्या स्वतःच्या चालीसुद्धा टाकल्या नाहीत, मात्र त्यामागे कायदा नसून संकोच आहे.

एकंदर खर्च डेक, दुरुस्ती, इंटरफेस, वायर, अल्कोहोल, टेप आणि एक बाहेरची हार्ड डिस्क धरून पंधरा हजारांच्या आत राहिला. सर्व फाइली तीन जागी ठेवल्या आहेत: माझ्याकडच्या डिस्कवर, भावाच्या घरी दुसऱ्या डिस्कवर आणि इंटरनेटवरच्या साठवणीत. काही कॅसेटी अखेरपर्यंत उतरवता आल्या नाहीत. त्यात मुख्यतः एकशेवीस मिनिटांच्या आहेत, ज्यांची फीत इतकी पातळ असते की जरा ताण आला की ती रोलरभोवती गुंडाळली जाते. अशा कॅसेटी जबरदस्तीने वाजवू नका. त्या मी कोरड्या डब्यात ठेवल्या आहेत.

डेक विकलेला नाही. कोल्हापूरच्या मामांनी त्यांच्याकडच्या नाट्यगीतांच्या कॅसेटी पाठवतो म्हणून कळवले आहे. त्यांना मी उत्तरात सांगितले आहे की, मामा, आधी प्रत्येकीला क्रमांक घाला, वही करा, आणि पार्सल पावसाळ्यानंतरच पाठवा.